दहा मेच्या आत

कोकणात कौलारू घराची दुरुस्ती सवडीने करता येत नाही. तिला हंगाम आहे. काजू आटोपत आले, आंबा उतरायला लागला की शाकारणीचे दिवस येतात आणि रोहिणी लागायच्या आत ते संपतात. तेवढ्या काळात छप्पर उघडायचं, फुटकी कौलं काढून नवी घालायची, सरकलेली जागेवर बसवायची, कुजलेली रीप आणि वाळवी लागलेला वासा बदलायचा, पन्हळीतला वर्षभराचा पाचोळा उपसायचा. माकडांचा उपद्रव वाढल्यापासून फुटक्या कौलांची रास दरवर्षी मोठी होते. आंब्याच्या फांदीवरून त्यांची टोळी छपरावर उतरली, की काय होतं ते या किनाऱ्यावर कोणाला सांगावं लागत नाही.

हे काम कुणालाही जमत नाही. पाय नेमका रिपेवर पडला पाहिजे, मधे पडला तर कौल गेलं आणि कधी माणूसही. असे गडी आता गावागावांत मोजके उरलेत, आणि मे महिन्यात ते सगळ्यांनाच हवे असतात. पावसाने एकदा सूर धरला की कौलांवर शेवाळ चढतं, मग कोणी वर जात नाही आणि जाऊही नये. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मेमध्ये राहून गेलेली शाकारणी ऑक्टोबरपर्यंत राहूनच जाते.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे आम्ही भाड्याचं घर मुदतीआधी सोडलं, तेव्हा आम्हाला सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं वाक्य होतं, ‘दुरुस्ती काय, आज नाही उद्या झालीच असती.’

नोव्हेंबर 2024 मध्ये माझी बदली गुहागरला झाली आणि आम्हाला खालचा पाट या भागात एक जुनं घर मिळालं. गुहागरची घरं रस्त्याच्या कडेने ओळीने आहेत, मागे नारळ-पोफळीच्या वाड्या आणि वाड्या संपल्या की समुद्र. आमचंही तसंच होतं. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे नंतर काढलेली स्वयंपाकघराची पडवी. विहिरीला बारमाही गोडं पाणी. सासूबाई राजापूरकडच्या. त्या घरात शिरल्या आणि आधी त्यांनी वर पाहिलं. मूळ छपराचा पाखा आणि स्वयंपाकघराचा पाखा जिथे मिळत होते तिथली पत्र्याची पन्हळ गंजून जाळी झाली होती. खाली उभं राहिलं की तिच्यातून आभाळ दिसायचं. खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही, त्यात कोणाचा दोष नाही. तो वेळच्या वेळी बदलावा लागतो, इतकंच.

मालक मुंबईला राहतात. वयाने मोठे, बोलायला मऊ, आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. घर भाड्याने देण्यामागे पैशापेक्षा घरात दिवा लागावा ही इच्छा होती, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. बंद घर कोकणात फार लवकर जातं. माणसांचा वावर असला, चुलीचा धूर वाशांना लागत राहिला, की लाकूड कोरडं राहतं. कुलूप लागलं की वाळवी येते. काकांनी पन्हळ दाखवल्यावर लगेच मान्य केलं. ‘शाकारणी आणि पन्हळ, दोन्ही पावसाच्या आधी करून देतो.’

सासूबाई म्हणाल्या, ‘पावसाच्या आधी म्हणजे कधी ते लिहा.’ रोहिणी 25 मेच्या सुमाराला लागतात, पुढे मृग. त्याच्याही आधी पंधरा दिवस हाताशी असावेत म्हणून त्यांनी दहा मे ही तारीख सुचवली. काका हसत ‘बरं’ म्हणाले. लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवला, त्यात ते कलम आलं: छपराची शाकारणी व पन्हळ बदलणे हे काम मालक स्वखर्चाने 10 मे 2025 पूर्वी पूर्ण करतील. त्याच करारात पहिली दीड वर्षं लॉक-इनची होती. त्याआधी आम्ही सोडलं तर अनामत जप्त.

हिवाळा छान गेला. वाडीतले नारळ, आठळ्या, काकांच्या बहिणीने पाठवलेली आमसुलं, सगळं मिळालं. मार्चमध्ये मी फोन केला तेव्हा काका म्हणाले, शिमग्याला येतोय तेव्हा गडी ठरवतो. शिमग्याला ते आले, पालखी नाचवून परत गेले. एप्रिलमध्ये म्हणाले, सुट्टीत मुलं येतील तेव्हा उभं राहून करून घेऊ. आमच्याकडे शेजारी शाकारणीला आलेला गडी दोन घरं टाकून काम करत होता, त्याला मी काकांशी फोनवर जोडून दिलं. तो बिचारा तयार होता, फक्त कौलं आणि पत्रा आणून द्या म्हणाला. काका म्हणाले कळवतो. दहा मे आली आणि गेली.

कारण मला नंतर कळलं, आणि ते खोटं नव्हतं. घर काकांच्या आजोबांच्या नावावरून पुढे आलेलं, वारस वाढत गेलेले. एक भाऊ डोंबिवलीला, एक पुण्यात, चुलतभावंडं आणखी कुठे कुठे. छपरावर मोठा खर्च करायचा तर सगळ्यांनी हिस्सा द्यावा असं काकांचं म्हणणं, आणि राहत नाही त्या घरावर पैसे का घालायचे असं इतरांचं. कोकणातली कितीतरी घरं अशीच पडली आहेत. पैसा नव्हता म्हणून पडली असं नाही, आधी खिशात हात कोणी घालायचा यावर एकमत झालं नाही म्हणून पडली. मला काकांबद्दल वाईट वाटलं, आजही वाटतं. पण भाडं घेताना ते घर त्यांच्या एकट्याचं होतं आणि पन्हळ बदलायची वेळ आली तेव्हा ते साऱ्या भाऊबंदांचं झालं, हे मला मान्य नाही. करारावर सही एकट्याची होती. कामाची जबाबदारीही त्या एकट्याचीच.

2025 चा मे महिना कोकण विसरणार नाही. विसाव्या तारखेच्या पुढे पाऊस जो लागला तो थांबेचना. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि 24 मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. गुहागर या दोघांच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी मान्सून तळकोकणात पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं आणि 26 मेला तो मुंबईतही गेला, इतक्या लवकर मुंबईला तो त्याआधी कधी आल्याची नोंद नव्हती.

आमच्या घरात पाणी पन्हळीतून आलं. थेंब थेंब नाही, भिंतीवरून सलग ओघळ. स्वयंपाकघराची भिंत आधी काळी पडली, मग चुन्याला फोड आले आणि बोट लावलं की पापुद्रा सुटून हातात यायचा. मागे ताडपत्री बांधली, ती वाऱ्याने एका रात्रीत फाडली. तांदळाच्या डब्यात कोंदट वास शिरला. मुलीच्या नव्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटली. सासूबाईंना दमा आहे. माजघरातल्या ओलीने त्यांची रात्र बसून जायला लागली.

तरीही आम्ही पावसाळा काढला असता बहुधा. कोकणातल्या माणसाला गळतीचं नवल नसतं, पातेली कुठे ठेवायची ते आम्हाला ठाऊक असतं. पण ओघळ स्वयंपाकघरातून ओटीच्या भिंतीपर्यंत आला, जिथे मीटर आणि मेन स्विचची फळी होती. वायरमनला बोलावलं. त्याने फळीपासून हातभर अंतरावर ओल्या भिंतीला टेस्टर टेकवला आणि त्यातला दिवा लागला. बोर्डाला नव्हे, भिंतीला. त्याच भिंतीला टेकून माझी मुलगी दप्तर भरायची. वायरमनने तिकडची लाईन तोडली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, भिंत वाळल्याशिवाय मी परत जोडणार नाही, आणि ती आता दिवाळीपर्यंत वाळायची नाही.’

त्या दिवशी मी काकांना फोन केला नाही. पत्र लिहिलं.

पत्रात राग काढला नाही. कराराची नोंदणी तारीख, दुरुस्तीच्या कलमाचा आकडा, 10 मे ही मुदत, मार्चपासून कोणत्या दिवशी काय बोलणं झालं, व्हॉट्सॲपवर त्यांनी काय उत्तर दिलं, भिंतीचे आणि पन्हळीचे तारखेसह फोटो, वायरमनने केलेलं काम आणि त्याची पावती. शेवटी एवढंच, की पंधरा दिवसांत छपराची आणि विजेची व्यवस्था राहण्याजोगी झाली नाही तर आम्ही घर सोडू आणि अनामत पूर्ण परत मिळावी. पोचपावतीसह पोस्टाने पाठवलं आणि त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर. पत्र लिहिताना माझा हात जड झाला होता, हे खरं. आपल्याकडे ओळखीच्या, वयाने मोठ्या माणसाला पत्र लिहिणं म्हणजे भांडण उकरणं समजतात. पण भीड भिकेची बहीण, हे आजीच्या तोंडून ऐकत मोठी झालेय मी, आणि इथे भिडेची किंमत सासूबाईंचा श्वास मोजत होता.

चिपळूणला माझी वकील मैत्रीण आहे. तिने कायदा समजावला तो मला फार उपयोगी पडला, म्हणून इथे सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चा, अमलात आला 31 मार्च 2000 पासून. त्याच्या कलम 14 प्रमाणे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी. निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी काळात दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. हा हक्क भाडेकरूचा. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, त्याचं सगळं बळ करारात काय लिहिलंय त्यावर. आणि समजा आम्ही भाडेकरू असतो, तरी जूनमध्ये छपरावर चढवायला माणूस कुठून आणणार होतो? खर्च कापून घ्यायचा हक्क हातात असूनही पावसाळ्यात तो निरुपयोगी.

मग ती 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 55 कडे वळली. एखादं काम ठरलेल्या वेळेच्या आत करायचं वचन दिलं, आणि वेळ हाच त्या कराराचा गाभा आहे असा दोन्ही पक्षांचा हेतू असला, तर वेळ चुकल्यावर करार रद्द करायचा की नाही हे दुसऱ्या पक्षाने ठरवायचं. ‘पुण्यात नळ गळत असता तर वेळ हा गाभा आहे हे पटवायला मला घाम फुटला असता,’ ती म्हणाली. ‘इथे शाकारणीची तारीख आहे. दहा मे का लिहिलीत हे कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा.’ सासूबाईंनी पंचांगावरून काढलेली ती तारीख आमच्या सगळ्या बाजूचा पाया ठरली. मैत्रिणीने आणखी एक सांगितलं. उशिरा केलेलं काम आपण मुकाट स्वीकारलं, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर काम स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. म्हणून गप्प बसायचं नाही, आणि जे काही कळवायचं ते लेखी.

काकांचं उत्तर आलं ते दुखावलेलं होतं. पाऊस लवकर आला, निसर्गापुढे कोणाचं चालतं, असं त्यांचं म्हणणं. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं तेव्हा रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरंच्या छपरं उडाली. तिथे मालकाला काय बोल लावणार? मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदासुद्धा वादळ आणि पुराची गोष्ट वेगळी धरतो. अशा आपत्तीत भाड्याच्या जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निकामी झाला तर भाडेपट्टा संपवायची मुभा भाडेकरूला देतो, मालकाला दोषी न धरता. पण आमची पन्हळ वादळाने नेली नव्हती. ती नोव्हेंबरातच जाळी झालेली होती आणि पाऊस यायच्या आधी दहा मे येऊन गेली होती.

त्यांचं दुसरं म्हणणं मला जास्त लागलं. ‘आम्ही तुम्हाला घरच्यासारखं वागवलं आणि तुम्ही नोटीस पाठवलीत.’ शेजारीही कोणी कोणी तेच म्हणालं, दुसऱ्याच्या घरात राहून असं करू नये. मी यावर खूप विचार केला. घरच्यासारखं वागवलं हे शंभर टक्के खरं, त्या आमसुलांची चव मी विसरलेली नाही. पण माया आणि छप्पर यांचे हिशेब वेगळे राहिले पाहिजेत. भाडं आम्ही छपराचं देत होतो, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, एकदाही न चुकवता. जिव्हाळा दोन्ही बाजूंनी फुकट होता आणि तसाच असायला हवा. एकाने दिलेल्या जिव्हाळ्यात दुसऱ्याचं देणं बुडवायला लागलं की जिव्हाळाही संपतो. काकांनी भाडं थकलं असतं तर मला पत्र पाठवलं असतं, आणि मी ते अपमान समजले नसते.

पंधरा दिवसांत काका आले नाहीत. एक माणूस पाठवला, त्याने खालून वर पाहिलं आणि पावसात कौलांना हात लावायला नकार दिला. बरोबरच केलं त्याने. आम्ही जुलैमध्ये घर सोडलं.

सोडतानाची एक गोष्ट महत्त्वाची. चावी शेजारी ठेवून निघून जायचं नसतं. आम्ही काकांना दिवस कळवला, त्यांनी पुतण्याला पाठवलं. त्याच्यासमोर खोली खोली फिरून फोटो काढले, विजेच्या मीटरचं रीडिंग लिहिलं, पंखे, बल्ब, विहिरीचा पंप, जे जे करारातल्या यादीत होतं ते मोजून दिलं. दोन प्रतींवर ताबा दिल्या-घेतल्याचं लिहून दोघांनी सह्या केल्या. जुलैचं भाडं, आम्ही अर्धाच महिना राहिलो तरी, पूर्ण दिलं. मैत्रीण म्हणाली होती, आपली बाजू बळकट असली तरी भाडं थकवून निघू नका, कारण मग सगळी चर्चा पन्हळीवरून थकबाकीवर जाते. पुतण्या मुलगा समजूतदार. ओटीच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, ‘मी सांगतो काकांना.’

अनामतीवरून थोडं ताणलं. लॉक-इनचं कलम काकांनी पुढे केलं. आम्ही म्हटलं, त्याच कागदावर त्याच्या वरचं कलम तुमचं आहे, ते आधी मोडलं. वकिलाच्या नोटिशीचा मसुदा तयार होता, पाठवावा लागला नाही. निम्मी रक्कम ऑगस्टच्या सुरुवातीला खात्यात आली. बाकीची गणपतीत. 27 ऑगस्टला चतुर्थी होती. काका सहकुटुंब गावी आले होते, मधल्या घरच्या गणपतीला. आम्ही दर्शनाला गेलो. जावं की नाही यावर घरात बोलणं झालं होतं, सासूबाईंनी निकाल दिला की देवाशी आपलं काही भांडण नाही. काकांनी प्रसाद दिला, पलीकडे बोलावून विजेच्या शेवटच्या बिलाचा आकडा दाखवला, तो वजा करून उरलेले पैसे तिथेच फोनवरून पाठवले. बोलले फार नाहीत. मीही नाही. घर अजून तसंच आहे, निळ्या ताडपत्रीखाली.

हे सगळं लिहिलं ते मुख्यतः बदलीवर येणाऱ्यांसाठी. शिक्षक, नर्स, तलाठी, बँकवाले, सगळे कोकणात तोंडी बोलीवर घरं घेतात. ‘आपली माणसं आहेत, कागद कशाला’ म्हणतात. पण 1999 च्याच कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदवलेला हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि तो नोंदवलेला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर घर राहण्याजोगं नसेल आणि लेखी सांगूनही मालक दुरुस्ती नाकारत असेल, तर पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन घर सोडायचा हक्क सरळ लिहिला आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच त्या राज्यात लागू. तोवर तेच वाक्य आपल्या करारात आपणच घालून घ्यावं. त्याने कोणाचा अपमान होत नाही.

आम्ही घातलं. नव्या घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, शेजारच्याच घरात राहतात. मसुद्यात मी लिहिलं होतं: शाकारणी दरवर्षी 10 मेपूर्वी, न झाल्यास पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेने घर सोडता येईल, लॉक-इन लागू नाही, अनामत पूर्ण परत. बाईंनी चष्मा लावून ते कलम दोनदा वाचलं. मला वाटलं, आता काढायला सांगतील. त्यांनी पेन मागितलं आणि तारखेवर काट मारली.

‘दहा मे कशाला? यंदा पाहिलंत ना कधी आला तो. एक मे घाला,’ म्हणाल्या. नोंदवलेल्या करारात एक मेच आहे.